रेजिस्ट्रीत हात घालायचा का?

रेजिस्ट्री म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं तो डेटाबेस. माझं मत सांगतो, घालायचा, पण एका वेळी एकच बदल आणि तोही बॅकअप घेऊनच. विंडोजमध्ये विंडोज की आणि आर दाबून रेजएडिट (regedit) टाइप केलं की रेजिस्ट्री एडिटर उघडतो, तिथे एचकी करंट युजरमध्ये कंट्रोल पॅनल, त्यात डेस्कटॉप, आणि उजवीकडे मेन्यूशोडिले (MenuShowDelay) नावाची व्हॅल्यू, म्हणजे एक सेटिंग, तिची मूळ किंमत 400 असते म्हणजे 400 मिलिसेकंद, सबमेनू उघडायच्या आधी तेवढा वेळ विंडोज मुद्दाम थांबतं. मी ती 100 केली, साइन आउट करून परत आलो आणि जुन्या लॅपटॉपवर फरक लगेच जाणवला, खरंच छान वाटलं! शून्य मात्र करू नका, माऊस नुसता फिरवला तरी मेनू उघडत राहतात.

बॅकअप सोपाय, त्या की वर, म्हणजे डावीकडच्या डेस्कटॉप फोल्डरवर, राइट क्लिक करून एक्सपोर्ट. पण एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, ती फाइल परत चालवली की जुन्या किमती येतात, तुम्ही नव्याने टाकलेल्या व्हॅल्यू मात्र तशाच राहतात, त्या हाताने काढाव्या लागतात. म्हणून रिस्टोअर पॉइंटही, म्हणजे गरज पडली तर विंडोजला जिथे परत नेता येतं ती जतन केलेली स्थिती, करून ठेवा. आणि ते रेजिस्ट्री क्लीनर, म्हणजे रेजिस्ट्री आपोआप साफ करून देतो म्हणणारे प्रोग्रॅम, प्लीज नकोच, मायक्रोसॉफ्टसुद्धा त्यांना सपोर्ट देत नाही.