सॅम्पल पॉझिटिव्ह आला आणि चौकशी तिथंच थांबली

तीन आठवडे झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. मी एका कारखान्याच्या हेल्थ सेंटरमध्ये नर्स आहे, एकोणीस वर्षं झाली. पट्ट्या बांधणं, डोळ्यातला कचरा काढणं हे तर आहेच, पण ड्रग टेस्टचे लघवीचे सॅम्पलही मीच घेते आणि ते काम मी फार काटेकोरपणे करते, कारण त्या कपात समोरच्याची नोकरी असते.

त्या रात्री सव्वाएकला फोन आला. क्रेनवरून साडेतीन टनांचा डाय, म्हणजे धातूला आकार देणारा साचा, पडला होता. नशीब की मीटरभरच उचलला होता, कुणाला लागलं नाही, खालचं काँक्रीट तेवढं फुटलं. घटना घडली की त्यात असलेल्या सगळ्यांची टेस्ट असा आमच्याकडे नियम आहे, त्यामुळे अर्ध्या तासात माझ्यासमोर तिघे बसलेले: क्रेन ऑपरेटर, उचलायच्या वजनाला बेल्ट बांधणारा रिगर आणि सुपरवायझर.

हे सॅम्पल घेणं कसं असतं ते सांगते, कारण बाहेर कुणाला माहीत नसतं. टॉयलेटच्या पाण्यात निळा रंग टाकायचा, नळ बंद करायचा, म्हणजे कुणी पाणी मिसळू शकत नाही. कप हातात आला की चार मिनिटांच्या आत त्याच्या पट्टीवरचं तापमान बघायचं, ३२ ते ३८ डिग्रीच्या मध्ये हवं, नाहीतर तो त्याच्या अंगातून आत्ता आलेला नाही. मग त्याच्या डोळ्यांदेखत दोन बाटल्यांत ओतायचं, सील लावायचं, सीलवर त्याची सही घ्यायची. दुसरी बाटली त्याच्यासाठी असते, निकाल मान्य नसेल तर तीच उघडतात. एवढ्या वर्षांत माझं एकही सॅम्पल कागदपत्रांच्या चुकीमुळे रद्द झालेलं नाही.

ऑपरेटर आधी आला. तिशीतला मुलगा, आठ वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये, त्याच्या बोटाला टाके पडले तेव्हा ड्रेसिंग मीच केलं होतं. सीलवर सही करताना अक्षर नेहमीसारखं होतं, हात थरथरत नव्हता, डोळे मी लाइटखाली मुद्दाम बघितले तर साफ होते. मग हळू आवाजात म्हणाला, "सिस्टर, शनिवारी मित्राकडे दोन झुरके मारले होते गांजाचे. आज बुधवार संपला. निघेल का यात?" मी म्हणलं, "अरे, हे मला सांगू नकोस, माझ्या फॉर्मवर यासाठी जागाच नाहीये." त्याला धीर देणारं काहीतरी बोलायला हवं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा काही सुचलंच नाही.

रिगर बाहेरच्या बाकावर बसलेला. मी नाव पुकारलं तर उत्तर नाही, जाऊन बघितलं तर भिंतीला डोकं टेकून गाढ झोपलेला, पेन बोटांत तसंच. उठवला तर दचकला, "सॉरी सिस्टर, डबल शिफ्ट होती." सकाळी सातला आलेला माणूस, घरून साडेपाचला उठून निघालेला, रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आला नाही म्हणून थांबवून घेतलेला. म्हणजे डाय पडला तेव्हा तो जवळपास वीस तास जागा होता. १९९७ साली नेचर या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचं काम छापून आलं होतं, सतरा तास जागलेल्या माणसाचं लक्ष आणि हात रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतके ढिले पडतात आणि चोवीस तासांनंतर ०.१० टक्क्याइतके. हे मी ट्रेनिंगमध्ये शिकलेय आणि तो माणूस माझ्यासमोर झोपेत बसला होता, पण जागरण मोजायला माझ्याकडे कप नाही. तो स्वच्छ निगेटिव्ह आला, सुपरवायझरही निगेटिव्ह.

ऑपरेटरचा पॉझिटिव्ह आला. स्क्रीनिंगला गांजाचा कटऑफ, म्हणजे ज्याच्या वर पॉझिटिव्ह धरतात तो आकडा, मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम, मग लॅबमध्ये दुसऱ्या जास्त अचूक पद्धतीने पक्कं करतात, त्याला १५. दोन्हीला वर. एका मीटिंगमध्ये त्याला काढून टाकलं.

इथं मला नीट सांगायचंय, कारण मी नशेच्या बाजूने बोलतेय असं वाटू नये. दोन वर्षांपूर्वी लाल डोळ्यांनी, जीभ जड पडलेल्या अवस्थेत फोर्कलिफ्टवर चढायला निघालेल्या एकाला मीच गेटवरून परत पाठवलंय आणि त्याबद्दल मला एक टक्काही वाईट वाटत नाही. कामावर येताना माणूस कसा आहे ही कंपनीचीच काळजी आहे, असायलाच पाहिजे. पण लघवीत जे सापडतं तो गांजाचा शरीराने मोडलेला उरलेला भाग असतो, त्याने नशा होत नाही. मूळ नशेचा घटक चरबीत साठतो आणि हळूहळू मोडून हा भाग बाहेर पडतो, कधीतरी ओढणाऱ्याचा तीन-चार दिवसांत जातो, रोज ओढणाऱ्याचा महिनाभरही राहतो. दारूचं उलट. ती श्वासात दिसते ती आत्ताची, तासाला साधारण रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे १५ मिलिग्रॅमने उतरते, म्हणून रात्री भरपूर पिऊन दुसऱ्या दिवशी उशिरा कामावर आलेला माणूस आमच्या ब्रेथ अॅनलायझरवर शून्य दाखवू शकतो, डोकं ठणकत असलं तरी. एक मशीन आत्ताचं बोलतं, दुसरं मागच्या आठवड्याचं, आणि आम्ही दोघांच्या निकालावर एकच शिक्का मारतो.

आता खरं सांगायचं तर हा हिशोब त्या मुलाच्याही बाजूने पूर्ण जात नाही. शनिवारचे दोनच झुरके असते तर बुधवारी रात्री ५० च्या वर यायला नको होतं. बहुतेक तो जास्त वेळा ओढत असावा आणि मला अर्धवट सांगितलं असावं. त्या रात्री ओढून आला होता का? मला माहीत नाही. त्या कपालाही माहीत नाही. मला जे दिसलं ते मी सांगितलं, साफ डोळे आणि सरळ सही, पण चौकशीत कुणी मला विचारलंच नाही.

सेफ्टीचे साहेब म्हणाले, १९८७ विसरलात का. जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेत मेरीलँडमधल्या चेस इथं मालगाडीची इंजिनं सिग्नल तोडून प्रवासी गाडीच्या वाटेत आली, सोळा माणसं गेली, इंजिनवरच्या दोघांनी ड्युटीवर गांजा ओढला होता. १९९१ मध्ये वाहतुकीतल्या लोकांच्या टेस्टचा कायदा झाला त्यामागे ही घटना होती. मी विसरले नाही. पण त्याच इंजिनात इशारा देणाऱ्या शिटीला टेप लावून ती गप्प केलेली होती, हे तिथल्या चौकशीत निघालं, कारण त्यांनी सॅम्पलनंतरही शोधत राहायचं ठरवलं.

आमच्याकडे बेल्ट कुणी बघितला? डायच्या कोपऱ्याला धार असते, बेल्ट आणि धार यांच्यामध्ये पॅकिंग घालायचं असतं, नाहीतर लोड आला की बेल्ट कापला जातो. तो तुटलेला बेल्ट मी दुसऱ्या दिवशी स्टोअरबाहेर बघितला, एका ठिकाणी सरळ रेषेत कापलेला, कात्रीने कापल्यासारखा. ऑपरेटरने झटक्याने उचलला म्हणून तुटला असं रिपोर्टमध्ये आहे. झटका असेलही. पण पॅकिंग होतं का, वीस तास जागलेल्या माणसाला ते घालायचं आठवलं का, त्याला थांबवून घेणाऱ्याने त्या डबल शिफ्टवर सही कशी केली, यातलं काहीच लिहिलेलं नाही. कारणाच्या रकान्यात एकच ओळ आहे, "ऑपरेटर अमली पदार्थाच्या प्रभावाखाली." लॅबने "प्रभावाखाली" हा शब्द कुठेही लिहिलेला नाही, लॅब तो लिहूच शकत नाही. तो आमच्या ऑफिसने घातला.

तो एक शब्द काढा म्हणून मी लेखी अर्ज दिलाय. रिपोर्ट बंद झालाय, असं तोंडी उत्तर मिळालं. मी परत दिलाय.

काल संध्याकाळी रिगर बीपी बघायला आला, १५०/९६. जेवलास का, झोपलास का विचारलं. बाही खाली करत म्हणाला, "सिस्टर, आज पण डबल आहे, त्याच्या जागी अजून कुणी आलं नाही ना."