तुम्ही विचारलंत म्हणून : इतकं सोसून ही माणसं टिकली कशी?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञांचा, वकिलांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. लोक म्हणतात, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आम्हाला ठाऊक आहेत. भुईमुगामुळे म्हणा, पुस्तकांमुळे म्हणा, मराठी घरांत ते कधीच पोचलेत. पण बाकीच्यांचं काय? पावलोपावली अपमान होत असताना ही माणसं टिकली कशी, आणि ती चिकाटी आपल्याला शिकता येते का?

जिद्द पुष्कळांकडे होती. ज्यांचं नाव कुठेच उरलं नाही त्यांच्याकडेही ती होतीच. म्हणून याचं उत्तर मी स्वभावात शोधत नाही. टेबलावर काय होतं, वहीत काय टिपलं जात होतं, दावा कुठल्या कोर्टात आणि कशासाठी टाकला, तिथे ते जास्त नेमकं सापडतं.

विव्हियन थॉमस यांचंच घ्या. जन्म १९१०, लहानपण टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरात. वडील सुतार, त्यामुळे करवत, रंधा आणि मापं हातात लवकर आली. डॉक्टर व्हायचं होतं. कॉलेजसाठी पैसे साठवता साठवता १९३० साली व्हँडरबिल्ट विद्यापीठात शल्यविशारद डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत तात्पुरती म्हणून नोकरी धरली. पगार आठवड्याला १२ डॉलर. काही महिन्यांतच बँक बुडाली, साठवलेले पैसे गेले आणि तात्पुरती नोकरी कायमची झाली. काम संशोधन साहाय्यकाचं, कागदोपत्री हुद्दा मात्र झाडलोट करणाऱ्याचा.

थॉमस आधी प्राण्यांवर शस्त्रक्रिया करायला शिकले, मग रासायनिक मोजमापं, मग नोंदी ठेवणं. मोठ्या इजेनंतर माणूस ‘शॉक’मध्ये, म्हणजे रक्तदाब कोसळण्याच्या अवस्थेत, का जातो, यावर तेव्हा वाद होता. चिरडलेल्या स्नायूंतून विष सुटतं, असं अनेकांना वाटे. ब्लेलॉक आणि थॉमस यांनी दाखवलं की रक्त आणि द्रव रक्तवाहिन्यांबाहेर गेल्यामुळे शॉक येतो. म्हणजे उपचार रक्त आणि द्रव भरून काढण्याचा. दुसऱ्या महायुद्धात याचा थेट उपयोग झाला.

माझ्या लेखी त्यांचा सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग मात्र १९३८ सालचा, आणि तो फसलेला होता. फुप्फुसातला रक्तदाब मुद्दाम वाढवायचा म्हणून त्यांनी कुत्र्याच्या पुढच्या पायाकडे जाणारी धमनी कापून फुप्फुसाच्या धमनीला जोडली. दाब काही वाढला नाही. प्रयोग बाजूला पडला, नोंदी राहिल्या. १९४१ साली दोघे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आले. तिथे १९४३ मध्ये बालहृदयतज्ज्ञ डॉ. हेलन टॉसिग एक अडचण घेऊन आल्या. काही मुलांच्या हृदयात जन्मतःच चार दोष असतात. फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद आणि हृदयाच्या पडद्याला भोक, त्यामुळे प्राणवायू न मिळालेलं रक्त अंगभर फिरतं आणि मूल निळं पडतं. फुप्फुसाला जास्त रक्त पोचवता येईल का? पाच वर्षांपूर्वी जो जोड ‘निकामी’ ठरला होता, तो नेमकं हेच करत होता.

इथून पुढचं काम थॉमस यांचं. हॉपकिन्सच्या संग्रहातली दोष असलेली हृदयं त्यांनी तपासली. चारही दोष कुत्र्यात तयार करणं शक्य नव्हतं, तेव्हा रक्तात प्राणवायू कमी पडेल एवढीच अवस्था तयार केली आणि मग ती जोड देऊन सुधारली. सुमारे दोन वर्षं आणि २०० च्या आसपास कुत्री. अशा जोडात चुकतं ते बहुतेक टाक्यांत. टाके लांब पडले तर जोड गळतो. फार ओढले तर तोंड आवळलं जातं. वाहिनीचं आतलं अस्तर अस्तराला न भिडता कड आत वळली, तर तिथे गुठळी धरते. तान्ह्या बाळाच्या वाहिनीला पुरेल इतकी बारीक सुई मिळत नव्हती. थॉमस यांनी प्रयोगशाळेतल्या सुया तोडून आखूड केल्या, नेढ्याकडचं टोक कपडे वाळत घालायच्या चिमट्यात धरलं आणि कुरुंदाच्या दगडावर नवी टोकं काढली. सुताराचा मुलगा इथे उपयोगी पडला.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी आयलीन सॅक्सन या पंधरा महिन्यांच्या मुलीवर शस्त्रक्रिया झाली. वजन जेमतेम चार किलो. ब्लेलॉक यांनी हा जोड प्राण्यावर एकदाच केला होता, तोही थॉमस यांच्या मदतीने. थॉमस यांचे हात त्यावर बसलेले होते. त्यामुळे थॉमस स्टुलावर चढून ब्लेलॉक यांच्या खांद्यामागे उभे राहिले आणि टाका कुठे, कुठल्या दिशेने, किती अंतरावर, हे सांगत गेले. मुलगी सुधारली, पण काही महिन्यांनी पुन्हा निळी पडू लागली. दुसरी शस्त्रक्रिया करूनही दुसऱ्या वाढदिवसाआधीच ती गेली. पद्धत मात्र उभी राहिली होती. १९४५ च्या फेब्रुवारीत तिसऱ्या रुग्णाचे, सहा वर्षांच्या मुलाचे ओठ टेबलावरच गुलाबी झाले. त्याच वर्षी मे महिन्यात शोधनिबंध आला. त्यावर नावं दोन, ब्लेलॉक आणि टॉसिग. थॉमस यांचा उल्लेखही नव्हता.

ही गोष्ट सांगणारे बरेच जण इथून थेट १९७६ वर उडी मारतात, कारण त्या वर्षी हॉपकिन्सने थॉमस यांना मानद डॉक्टरेट दिली. मधलं गाळलं की गोष्ट सोपी होते आणि ऐकणारा ‘धीर धरा, फळ मिळतं’ असं समजून घरी जातो. मधे काय होतं? पगार पुरत नव्हता. ब्लेलॉक यांच्याच घरच्या मेजवान्यांत थॉमस पाहुण्यांना पेयं देण्याचं काम करून वरचे पैसे मिळवत. अखेर त्यांनी पगाराचा प्रश्न लावून धरला. नॅशव्हिलला परत जाऊन सुतारकाम करायचं, हा पर्याय त्यांच्यापुढे खराखुरा होता. त्यानंतर १९४६ च्या अखेरीस पगार वाढला, इतका की हॉपकिन्सच्या तंत्रज्ञांत तो सर्वांत जास्त ठरला. वाढ मिळाली ती मागितल्यामुळे, आणि नोकरीबाहेर पोट भरणारं कसब हातात होतं म्हणून ती मागता आली. चिकाटीचं कौतुक अनेकदा त्या चिकाटीचा फायदा घेणारेच करतात, हे ध्यानात असलेलं बरं.

वास्तुविशारद पॉल विल्यम्स यांची एक हकीकत अशीच गोडवून सांगितली जाते. गोऱ्या ग्राहकाला आपल्या शेजारी बसायचा संकोच वाटू नये म्हणून ते टेबलाच्या पलीकडे बसून नकाशा उलटा काढत. समोरच्याला तो सुलटा दिसे. हात थक्क करणारा, यात शंका नाही. पण ज्या वस्त्यांत त्यांनी बंगले बांधले, त्यांतल्या अनेक ठिकाणी त्यांना स्वतःला घर घेता येत नव्हतं, हे वाक्य त्या हकिकतीला जोडूनच सांगायला हवं.

रसायनशास्त्रज्ञ पर्सी ज्युलियन यांच्याकडून शिकायचं ते वेगळं. जन्म १८९९, अलाबामा. हार्वर्डची पदव्युत्तर पदवी, पीएच.डी. व्हिएन्नातून, १९३१ साली. पुढे इंडियानातल्या डिपॉ विद्यापीठात ते आणि त्यांचे सहकारी योझेफ पिकल काचबिंदूवरच्या फायसोस्टिग्मिन या औषधी द्रव्याची कृत्रिम जडणघडण करत होते. त्याच वाटेवर ऑक्सफर्डचे रॉबर्ट रॉबिन्सन होते, त्या काळचं फार मोठं नाव. रॉबिन्सन यांनी मधल्या टप्प्यावरचा एक पदार्थ छापून जाहीर केला. ज्युलियन यांच्या हातातल्या पदार्थाचे गुणधर्म त्याच्याशी जुळेनात. त्यांनी छापील उत्तर दिलं की चूक आमची नाही. अशा वेळी निकाल लावतो तो द्रवणांक. शुद्ध पदार्थ ठरावीक तापमानाला वितळतो, भेसळ असेल तर आधीच आणि विस्कळीत वितळतो. नैसर्गिक पदार्थ आणि प्रयोगशाळेतला पदार्थ शेजारी ठेवून तापवले आणि दोन्ही जुळले. हे १९३५ साल. ज्याचा शब्द कुणी सहज मानणार नाही, त्याने वाद अशाच कसोटीवर न्यावा, जिथे माणूस कोण हे थर्मामीटरला कळत नाही. तरीही डिपॉने त्यांना प्राध्यापकपद दिलं नाही. त्यांना शिकागोतल्या ग्लिडन कंपनीत जावं लागलं.

तिथे १९४० मध्ये सोयाबीन तेलाच्या प्रचंड टाकीत पाणी शिरलं आणि पांढरा साका बसला. इतरांना तेल नासल्यासारखं दिसलं. ज्युलियन यांना डिपॉतली जुनी नोंद आठवली. फायसोस्टिग्मिन ज्यांतून मिळतं त्या कॅलाबार बियांच्या तेलात पाणी राहून असेच स्फटिक आले होते आणि ते स्टिग्मास्टेरॉल हे वनस्पतींतलं द्रव्य निघालं होतं. त्यापासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर बनवता आलं. म्हणजे थॉमस यांच्यासारखंच, मुख्य प्रयोगात बिनकामाचं ठरलेलंही टिपून ठेवलेलं होतं. हाच माणूस १९५० साली शिकागोजवळच्या ओक पार्कमध्ये घर घेतो तेव्हा राहायला यायच्या आतच ते पेटवायचा प्रयत्न होतो, आणि पुढच्या वर्षी अंगणात डायनामाइट फुटतो. कुटुंब तिथेच राहिलं.

वकिलांच्या बाबतीत मला सर्वांत मोलाचे वाटतात ते चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन, कारण त्यांनी चिकाटीचं वेळापत्रक केलं. १९२९ पासून कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या विधी विद्यालयाची सूत्रं त्यांच्याकडे आली. रात्रीचे वर्ग बंद केले, पूर्णवेळ अभ्यासक्रम आणला, १९३१ मध्ये मान्यता मिळवली. या कडक शिस्तीत शिकलेले, पुढे नामांकित वकील झालेले थरगुड मार्शल १९३३ साली पहिले आले.

शाळांतला वर्णभेद मोडायचा होता. सरळ सगळ्या शाळांवर दावा लावला असता तर १८९६ पासूनचा ‘वेगळं पण समान’ हा निवाडा, म्हणजे सोयी समान असतील तर वेगळ्या ठेवायला हरकत नाही हा, आडवा आला असता. ह्यूस्टन यांनी सुरुवात वरून केली, पदव्युत्तर आणि विधी शिक्षणापासून. तिथे राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी समान तर सोडाच, वेगळंही काही ठेवलं नव्हतं. विद्यार्थी मोजके, त्यामुळे लोकक्षोभ कमी. दुसरं कॉलेज बांधायचं तर खर्च भारी. आणि विधी महाविद्यालय म्हणजे काय, हे न्यायाधीशाला समजावून सांगावं लागत नाही. सोबत पुरावा गोळा करणं चालूच होतं. दक्षिण कॅरोलायनातल्या शाळा त्यांनी स्वतः सोळा मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने चित्रित केल्या.

मेरीलँडच्या विधी महाविद्यालयाने प्रवेश नाकारलेल्या मरे यांच्या खटल्यात १९३६ साली अपिलातही यश आलं. १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिसुरीला सांगितलं की विद्यार्थ्याला फीचे पैसे देऊन परराज्यात पाठवणं चालणार नाही, सोय राज्यातच हवी. पण तो विद्यार्थी, लॉइड गेन्स, १९३९ मध्ये शिकागोत बेपत्ता झाला आणि पुन्हा कधी सापडला नाही. एकाच माणसाच्या खांद्यावर खटला उभा असला की काय होतं, ते इथे दिसतं. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा निकाल आला तेव्हा त्यात पाच वेगवेगळे खटले एकत्र होते. तो ऐकायला ह्यूस्टन नव्हते; १९५० च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी ते वारले होते. कोर्टात उभे होते मार्शल.

व्हर्जिनियातल्या लँग्लीच्या विमानसंशोधन केंद्रातल्या (ते पुढे नासाचं झालं) गणिती बायका आता चित्रपटामुळे सर्वांना माहीत आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल थोडंच. डोरोथी व्हॉन १९४३ साली तिथे लागल्या. गणनयंत्रांवर आकडेमोड करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांचा वेगळा विभाग होता, त्याच्या त्या पुढे प्रमुख झाल्या. इलेक्ट्रॉनिक संगणक आले तेव्हा हे काम जाणार हे त्यांनी ओळखलं. फोरट्रान ही संगणकभाषा स्वतः शिकल्या आणि इतरांनाही शिकवली. स्वतःपुरती शिकून गप्प बसता आलं असतं. त्यांच्याच विभागातल्या मिरियम मॅन उपाहारगृहातल्या वेगळ्या टेबलावरची ‘कृष्णवर्णीय’ अशी पाटी उचलून पर्समध्ये घालून नेत. नवी पाटी यायची, तीही जायची. शेवटी पाटी येणं थांबलं.

राहिला प्रश्न आयुष्याच्या उद्दिष्टाचा. ते आधी ठरवावं लागतं का, असं पुष्कळ तरुण विचारतात. लँग्लीतल्याच मेरी जॅक्सन यांचं उदाहरण पाहा. इंजिनिअर होण्यासाठी जे वर्ग करायचे होते ते हॅम्प्टनमधल्या फक्त गोऱ्यांच्या शाळेत भरत. शहराकडे अर्ज करून त्यांनी परवानगी मिळवली, वर्ग पुरे केले आणि १९५८ मध्ये त्या नासाच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री इंजिनिअर झाल्या. वीसेक वर्षांनी लक्षात आलं की वरची बढती काही मिळत नाही. तेव्हा १९७९ मध्ये त्यांनी आपणहून खालची श्रेणी पत्करून स्त्री कर्मचाऱ्यांसाठीच्या कार्यक्रमाच्या व्यवस्थापकाचं पद घेतलं. गणितज्ञ म्हणून लागलेल्या बायकांनी कुठले विषय पुरे केले तर हुद्दा बदलून इंजिनिअर करून घेता येतो आणि बढतीची वाट मोकळी होते, हे समजावणं त्यांच्या कामात येई. १९८५ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या तेच करत होत्या.