हतनूर धरणाच्या फुगवट्यात जुनी स्पीडबोट: मोटार आणि पंखा जुळवताना

बोट पळत नाही म्हटलं की जो तो पंखा, म्हणजे प्रोपेलर, बदलायला सांगतो. मी पंख्याला सगळ्यात शेवटी हात लावला, आणि जुन्या बोटीच्या बाबतीत हाच क्रम बरोबर आहे असं माझं मत आहे.

बोट १४ फुटी, फायबरग्लासची, सत्तरच्या दशकातल्या धाटणीची. मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, १५ इंच उंच आणि ५ फूट रुंद. लावायची मोटार, म्हणजे मागे टांगायचं इंजिन, ४० अश्वशक्तीची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक, लाँग शाफ्ट, म्हणजे २० इंची ट्रान्समसाठी बनवलेली. गिअर रेशो २.००, म्हणजे इंजिनच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक. पूर्ण थ्रॉटलला कंपनीने दिलेली मर्यादा ४५०० ते ५५०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे. फोर-स्ट्रोक टाळली ती वजनामुळे. तेवढ्याच ताकदीची फोर-स्ट्रोक शंभर किलोच्या आसपास जाते, टू-स्ट्रोक सत्तर-पंचाहत्तरमध्ये भागते. जुन्या सांगाड्याच्या शेपटीवर हे पंचवीस किलो फार जाणवतात.

बोटीला किती ताकदीची मोटार चालेल ते सांगणारी क्षमतेची पट्टी कधीच गळून पडली होती. अशा वेळी अमेरिकन कोस्ट गार्डचं सूत्र कामी येतं. फुटांमधली लांबी गुणिले ट्रान्समची रुंदी: १४ × ५ = ७०. ट्रान्सम २० इंची आणि स्टिअरिंग व्हील असेल तर ७० ची दुप्पट वजा ९०, म्हणजे ५० अश्वशक्ती. यातलं एक जरी नसेल तर गोल बुडाच्या किंवा व्ही आकाराच्या बोटीला ०.८ × ७० वजा २५, म्हणजे ३१. पुढच्या पाचाच्या पटीत नेऊन ३५. म्हणजे माझा १५ इंची ट्रान्सम तसाच ठेवला असता तर ४० ची मोटार नियमातच बसत नव्हती. ट्रान्सम उंच करणं भाग होतं, आणि उंच करायचा तर आधी तो आतून शाबूत आहे का ते पाहणं आलं.

हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलं की खणखणीत आवाज जिथे बद्द होतो तिथे प्लायवूड कुजलेलं असतं. खात्रीसाठी आतल्या बाजूने, खाली, ६ मिमीचं भोक पाडायचं. भुसा कोरडा, पिवळसर आला तर ठीक. काळा आणि ओला आला तर फळी काढायचीच. माझ्या बोटीत काळा आला. म्हणून नवी, २० इंची फळी केली: आयएस ७१० मार्कचं १९ मिमी मरीन प्लाय, दोन थर चिकटवून ३८ मिमी, त्यावर ४५० ग्रॅमच्या फायबर मॅटचे थर. रेझिनचं काम खान्देशात उन्हाळ्यात करायचं असेल तर सकाळी आठच्या आत आटपावं. बेचाळीस डिग्रीला दोन टक्के हार्डनर टाकलं की मग्यातच गोळा होतो. मी एक टक्क्यावर ठेवलं. आणि हे विसरू नये: हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं द्रावण) हे दोन्ही कधीही थेट एकमेकांत ओतायचे नाहीत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचा, मग हार्डनर.

बोट ट्रेलरसकट सावद्याला केळीच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर नेली, मग रिकाम्या ट्रेलरचं वजन केलं. नुसता सांगाडा ३९० किलोच्या आसपास भरला. या मापाची बोट पावणेतीनशे-तीनशेत असायला हवी. बाकीचं वजन बोटीच्या आतल्या जमिनीखालच्या फोमने प्यालेल्या पाण्याचं. जमीन कापून फोम काढला, नवा क्लोज्ड-सेल, म्हणजे पाणी न पिणारा, भरला आणि मधोमध पाणी वाहून मागे येईल अशी वाट ठेवली. हा शंभर किलोंचा बोजा तसाच ठेवून कुठलाही पंखा जुळत नाही.

बुडाखाली, मागच्या पाच-सहा फुटांत, सरळ पट्टी लावून पाहावी. पट्टी आणि बूड यांच्यामध्ये फट दिसली, म्हणजे बूड आत दबलेलं असलं, तर बोटीचं नाक खाली दाबलं जातं आणि वेग मरतो. उलट बूड बाहेर फुगलेलं असेल तर बोट पाण्यावर उड्या मारत राहते. चुकीच्या जागी रोलर असलेल्या ट्रेलरवर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या बोटींत हे हमखास सापडतं.

आरपीएम दाखवणारा डायल, म्हणजे टॅकोमीटर, हाही आधीच तपासून घ्यावा. डायलच्या मागे एका फेऱ्याचे पल्स किती ते निवडायचं बटण असतं. मोटारीचा अल्टरनेटर बारा पोलचा, म्हणजे एका फेऱ्याला सहा पल्स देणारा, आणि बटण चारवर असेल तर काटा दीडपट आकडा दाखवतो. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर मिळतो, त्याच्याशी एकदा ताडून घेतलं की काळजी मिटली.

मग पाण्यात. परवानगी पाटबंधारे विभागाकडून आधी घ्यावी लागते. हिवाळ्यात हतनूरला स्थलांतरित पक्ष्यांचे थवे उतरतात, त्या भागात वेगाने जाऊच नये. मी चाचण्या चांगदेवच्या अलीकडच्या मोकळ्या पात्रात घेतल्या. दोन माणसं, टाकी अर्धी, मोटारीचा तिरकेपणा एकाच भोकावर. फोनच्या जीपीएसवर जाताना आणि येताना दोन्ही वेग घेऊन सरासरी काढली, म्हणजे वारा आणि प्रवाह वजा होतात.

मोटारीबरोबर आलेला पंखा १४ पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कागदावर १४ इंच पुढे जाणारा. पूर्ण थ्रॉटलला ४४५० आरपीएम आणि ३९ किमी वेग. म्हणजे मोटार मर्यादेच्या खालीच गुदमरत होती. अशी चालवली की टू-स्ट्रोकमध्ये कार्बन साचतो, पिस्टनवर ताण येतो. घसर, म्हणजे कागदावरच्या वेगापेक्षा प्रत्यक्ष वेग किती टक्के कमी, ते असं काढायचं: आरपीएम × पिच × ०.००१५२४ भागिले गिअर रेशो, हा झाला कागदावरचा वेग. इथे ४७.५ किमी. प्रत्यक्ष ३९, म्हणजे घसर १८ टक्के.

तरीही पिच बदलण्याआधी उंची पाहिली. पंख्याच्या वरची आडवी प्लेट बुडाच्या रेषेत किंवा जास्तीत जास्त २५ मिमी खाली हवी. माझी त्याहून खाली होती. सागाची १९ मिमीची पट्टी ट्रान्समवर ठेवून मोटार उचलली. त्याच पंख्यावर ४६०० आरपीएम, ४१ किमी, घसर साडेसोळा. वळणावर पंखा हवा ओढतो का ते पाहिलं. इंजिन एकदम किंचाळलं आणि वेग पडला तर उंची जास्त झाली समजायचं.

एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. १२ पिच लावल्यावर ५००० आले, ४० किमी, घसर साडेबारा. वेग एक किमीने घटला, पण बोट पाण्यावर उठायला आधीच्यापेक्षा खूप कमी वेळ लागला, आणि चार माणसं बसवूनही ४७५० राहिले. मला हाच सौदा पसंत पडला. रिकाम्या बोटीचा कमाल वेग सांगायला बरा असतो, बोट मात्र भरलेलीच चालते.

जानेवारीत जुळवलेला पंखा मे महिन्यात थोडा जड पडतो. गरम हवा विरळ, शिवाय धरण समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या वर. ४५ डिग्रीला शंभरेक आरपीएम कमी दिसतात. उन्हाळ्यात भरल्या बोटीने जायचं असेल तर ११ पिचचा दुसरा पंखा जवळ असावा.

स्टेनलेसच्या नादी मी लागलो नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काळे दगड आणि बुडालेल्या बाभळींचे बुंधे हातभर खाली येतात. ॲल्युमिनियमचं पातं वाकतं आणि धक्का जिरवतं. स्टेनलेस वाकत नाही, तोच धक्का गिअरला देतं. थोडं वाकलेलं पातं जळगावला आर्गॉन वेल्डिंगवाल्याकडे सरळ होतं. “भाऊ, हा तर पंपाचाच पंखा,” म्हणत तो लगेच घासायला घेईल. त्याला थांबवून आधी तिन्ही पात्यांचे टोकापासूनचे माप जुळवायला सांगावं, नाहीतर थरथर सुरू होते.

बसवताना क्रम: शाफ्टच्या स्प्लाइनला मरीन ग्रीस, थ्रस्ट वॉशर, पंखा, स्पेसर, वॉशर, नट, नवी कॉटर पिन. आतल्या रबरी बुशवर आणि हबवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. इंजिन पळतं पण बोट पळत नाही असं झालं आणि रेघ तुटलेली दिसली, तर बुश घसरलाय. हतनूरला गाळ भरपूर आणि जलपर्णीही, त्यामुळे मोटार चालू असताना इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार मागून नीट येते ना ते बघत राहावं. पंपाचं इम्पेलर इथे लवकर झिजतं. शिवाय भोई लोकांच्या जाळ्याचा नायलॉन दोरा थ्रस्ट वॉशरमागे गुंडाळला जाऊन सील कापतो. पंखा काढून तिथे हाताचं बोट फिरवून बघायचं, आणि गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर सील बदलल्याशिवाय मोटार पाण्यात उतरवायची नाही.