डेम्लो आहे, हर्षदही आहे, देवळाली मात्र नाही

मंडळी, आपल्या १२३४५६७८९८७६५४३२१ चा निकाल लागला, आणि तो मनाविरुद्ध लागला. ती देवळाली संख्या नाही! देवळालीला जनक नसतो, म्हणजे कुठल्याही संख्येत तिचीच अंकबेरीज मिळवून ती तयार होत नाही. हिला मात्र जनक सापडला.

मागच्या नोंदीत इथवर आलो होतो: १११११११११ चा, म्हणजे नुसत्या एकांच्या संख्येचा वर्ग, म्हणून डेम्लो. अवयव पाडले की ८१ × ३७ × ३७ × ३३३६६७ × ३३३६६७. अंकबेरीजही ८१, म्हणजे हर्षदपण (आपल्याच अंकबेरजेने पूर्ण भाग जाणं) बसल्या जागी सिद्ध. मग हाव सुटली तिसऱ्या बिरुदाची. ही तिन्ही नावं नाशिकजवळच्या देवळालीत शिकवणारे गणिती द. रा. कापरेकर यांनीच दिलेली. तिन्ही एकाच संख्येला लागली असती, तर नाशिककराला आणखी काय हवं?

छळलं ते स्प्रेडशीटने. पंधरा अंकांपुढे ती गुपचूप शून्यं भरते, शेवटचे २१ जाऊन तिथे ००. आणि जनक शोधण्याचा सगळा खेळ तर शेपटाकडेच! पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेला अंकांचं वावडं नाही, पण जनक कसा सापडतो ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून चौकटीची वही, एका चौकटीत एक अंक. (पातळ कागदाची घेऊ नका, दोनदा खोडलं की भोक पडतं.)

जनकात त्याचीच अंकबेरीज मिळवली की आपली संख्या यायला हवी. सतरा अंकांची बेरीज फार तर १५३, आणि नऊच्या कसोटीने ती नऊच्या पटीतच असणार. राहिले ९, १८, २७ असे सतरा उमेदवार. वजाबाकी शेवटच्या ३२१ मध्येच उरकते, त्याआधीचे चौदा अंक जागचे हलत नाहीत, त्यांची बेरीज ७५. नऊ वजा केले तर शेपूट ३१२, एकूण बेरीज ७५ + ६ = ८१, हवे होते ९. बाद. ७२ पर्यंत सगळे असेच बाद होत गेले, आशा वाढत गेली. मग ८१ आला. ३२१ मधून ८१ गेले, २४० उरले, ७५ अधिक ६ बरोबर ८१. झालं! जनक १२३४५६७८९८७६५४२४०. पुढचे उमेदवारही तपासले, हा एकुलता एक आहे.

त्यातल्या त्यात आनंद म्हणजे, संख्या उजवीकडून नऊ अंकांवर तोडा: ९८७६५४३२१ + १२३४५६७८ = ९९९९९९९९९. हा योगायोग नव्हे, ती मुळातच १२३४५६७९ × ९९९९९९९९९ आहे.

धाकटी भावंडंही तपासली. १, ११, १११ अशा नऊ एकांपर्यंतच्या संख्यांच्या वर्गांत देवळाली फक्त १ आणि १२१. १२३२१ ला १२३१२ हा जनक, १२३४३२१ ला १२३४३०४.

आता दहा एकांचा वर्ग घेणार होतो. तिथे हातचा येऊन मनोरा ढासळतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. पण हे लिहितानाच सुचलं, शेपूट तर कायम ३२१! मग अख्खी संख्या हवी कशाला, शेपटाआधीच्या अंकांची बेरीज पुरे. इथे ती ७६; ३२१ मधून ८६ गेले की २३५, आणि ७६ + १० = ८६. एका ओळीत जनक हातात!

तेव्हा बेत बदलला. आता शेपटाआधीच्या अंकांच्या कोणत्या बेरजेला जनक मिळत नाही त्याचा तक्ता करायला घेतोय. ७७ ते १०० मी करतो, शंभरापुढच्या बेरजा कुणी वाटून घेणार का?