खुराक

आमच्या एप्रिलमधल्या खो-खो शिबिराची फी तीन किलो असते. दीड किलो तूरडाळ किंवा मूगडाळ, एक किलो शेंगदाणे आणि अर्धा किलो गूळ असा शिधा नाशिकमधल्या पालकांनी पहिल्या दिवशी पिशवीत भरून आणायचा आणि त्यांच्या मुलाने किंवा मुलीने पंधरा दिवस सकाळी दोन तास मैदानावर यायचे, असा हा सरळ व्यवहार आहे. हा शिधा मे महिन्यात त्र्यंबकेश्वरमार्गे मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर जातो आणि तेथे दुसरे शिबिर भरते, ज्याला फी नाही. दोन्ही शिबिरे चालवतात ती त्याच पाड्यावरची, आश्रमशाळेत शिकून आता नाशिकच्या वसतिगृहात राहणारी अठरा ते बावीस वयाची आठ-दहा मुले-मुली. मी त्यांच्यातली नाही. मी एके काळी विद्यापीठाकडून खो-खो खेळलेली आणि आता बँकेत नोकरी करणारी बाई आहे. माझ्याकडे हिशेबाची वही, तराजू आणि एक शिट्टी एवढेच असते.

कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगितलेले बरे. मैदानावर सरावाला येणाऱ्या त्यांच्यातल्या एका मुलीला मी एकदा सहज विचारले, की उन्हाळ्याची सुट्टी लागली की गावी जाऊन मजा करत असशील. ती म्हणाली, "ताई, शाळेला सुट्टी लागते तेव्हा खिचडीलाही लागते." बोलताना ती बुटाची नाडी बांधत होती आणि तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र त्या वाक्याने पुढचे काही दिवस कायदे वाचायला लावले.

शाळेत शिजवलेले अन्न मिळावे, हा आपल्याकडे न्यायालयात भांडून मिळवलेला हक्क आहे. 1995 मध्ये सुरू झालेल्या मध्यान्ह भोजन योजनेत बऱ्याच राज्यांत मुलांच्या हाती नुसते कोरडे धान्य पडत असे; सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी आदेश दिला तेव्हा शिजवलेले जेवण देणे राज्यांना भाग पडले. आजच्या निकषानुसार प्राथमिक वर्गातल्या मुलाला या एका जेवणातून 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिकच्या मुलाला 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. परंतु 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना रोज मोफत जेवण देण्याचे जे कलम आहे, त्यातच शाळेच्या सुट्ट्यांचे दिवस वगळलेले आहेत. दुष्काळी भागांत उन्हाळी सुट्टीतही जेवण द्यावे, असे न्यायालयाने 20 एप्रिल 2004 च्या आदेशात सांगितले आहे. मोखाड्यात पाऊस धो-धो पडतो, त्यामुळे दुष्काळ हा शब्द तेथे सहज लागू होत नाही. मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे आणि मे महिन्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते, हे जाता जाता नोंदवून ठेवते.

मे महिना तेथे वाईट असतो तो अनेक गोष्टी एकदम आटतात म्हणून. खरिपातली नागली आणि वरई संपत आलेली असते, पावसाळ्यातल्या रानभाज्यांना अजून महिनाभर अवकाश असतो, आणि दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली बरीच माणसे पहिल्या पावसाच्या आसपास परततात, तोवर घरी आजी आणि नातवंडेच असतात. त्यातच आश्रमशाळा बंद होऊन तेथे दोन वेळ जेवणारी मुले घरी येतात, म्हणजे धान्याची कणगी रिकामी होत असताना ताटे मात्र वाढतात. शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी 1992 मध्ये राज्य हादरले होते. तेव्हापासून या भागातल्या कुपोषणाबद्दल पुष्कळ लिहिले गेले, पण त्यातले बहुतेक सहा वर्षांखालच्या मुलांबद्दल आहे आणि ते योग्यही आहे. सहा वर्षे पूर्ण झालेले मूल अंगणवाडीच्या वजनकाट्यावरून उतरते आणि शाळेच्या पटावर येते, आणि मे महिन्यात तो पटही मिटलेला असतो.

पहिल्या वर्षी आम्ही जी चूक केली, ती आजही सांगताना मला अवघडल्यासारखे होते. आमचे वेळापत्रक शहरी होते. सकाळी साडेसहाला पळणे, मग व्यायाम, मग पाटीवर बसून खो देण्याचा सराव, दोन डाव आणि नऊ वाजता जेवण. उन्हामुळे खेळ लवकर उरकायला हवा आणि भरल्या पोटी पळू नये, असे शास्त्र मी लहानपणापासून ऐकत आले होते. तिसऱ्या दिवशी पाटीवर बसलेली, उजवीकडे तोंड करून खोची वाट पाहणारी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी पाठीला हात लागताच उठली, दोन पावले धावली आणि खाली बसली. तिने हुलकावणी दिली असे वाटून मुले हसली. मी जवळ गेले तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते आणि तळहात गार होते. तिला सावलीत नेऊन गूळपाणी पाजल्यावर कळले की आदल्या संध्याकाळी तिने तांदळाची पेज घेतली होती आणि त्यानंतर काही नाही. शिबिरात जेवण मिळणार म्हणून घरी सकाळी तिच्यासाठी काही ठेवले नव्हते. म्हणजे तिच्या तोंडचा घास आमच्या वेळापत्रकाने अडीच तास पुढे ढकलला होता, आणि मधल्या वेळात आम्ही तिला पळवत होतो.

त्या रात्री आम्ही कंदिलाच्या उजेडात हिशेब मांडला. पंचवीस किलो वजनाचे मूल तासभर जोरात खेळले तर ढोबळमानाने दीडशे ते दोनशे उष्मांक खर्च होतात. वीस ग्रॅम शेंगदाणे आणि दहा ग्रॅम गुळाचा एक लाडू साधारण दीडशे उष्मांकांचा असतो. याचा अर्थ, खेळाच्या आधी दिलेला एक लाडू ही जेमतेम त्या तासाची परतफेड झाली; मुलाच्या अंगी काही लागायचे असेल तर ते त्यानंतरच्या जेवणातूनच लागणार. भुकेल्या मुलांसाठी खेळाचे शिबिर घेणारा माणूस त्यांची भूक आधी वाढवतो आणि मग भागवतो, आणि भागवण्यात हात आखडला तर त्याने मुलाकडून उलट काढून घेतलेले असते. चौथ्या दिवसापासून सव्वासहाला आल्या आल्या लाडू आणि तांब्याभर पाणी, मग पाऊण तास खेळ, मध्ये केळे किंवा उकडलेले अंडे, पुन्हा थोडा खेळ आणि साडेआठला डाळ-भात, उसळ, ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी नागलीची भाकरी, असा क्रम लावला. पळण्याच्या फेऱ्या निम्म्या केल्या. माझ्यातल्या जुन्या खेळाडूला हे शिबिर फार ढिले वाटले, पण तिचे मत कोणी विचारले नाही.

लाडूला नाव पडले ते त्याच वर्षी. सुरुवातीला काही मुले लाडू घ्यायला पुढे यायची नाहीत. बारा-तेरा वर्षांची मुले तर हमखास म्हणायची, "घरी खाऊन आलोय." वाटप म्हटले की रांग आली, रांग आली की देणारा आणि घेणारा आला, आणि तेराव्या वर्षी ते नको वाटते. आमच्यातला एक मुलगा कोल्हापूरच्या तालमीत काही महिने राहून आला होता. त्याने एका सकाळी लाडवांचा डबा उघडला आणि ओरडला, "चला, खुराक घ्या, खुराकाशिवाय मैदानात पाय नाही!" पहिलवानाला कोणी जेवू घालत नाही, त्याला खुराक मिळतो. दूध, तूप, बदामाची थंडाई हे त्याच्या मेहनतीचेच अंग असते आणि त्याबद्दल त्याने कोणाचे आभार मानावेत अशी अपेक्षा नसते. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, त्यात खुराकाची सोय होती, पण त्याला कोणी अन्नदान म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे वाटप बंद झाले आणि खुराक सुरू झाला. "घरी खाऊन आलोय" हे वाक्यही बंद झाले, कारण खुराक न घेणे म्हणजे सराव चुकवणे, आणि सराव चुकवला तर संध्याकाळच्या डावात पाटीवर जागा नाही.

खेळाचे खरे काम हेच आहे, असे मला आता वाटते. नऊ जणांच्या संघात आठ जण पाटीवर आणि एक पाठलागावर असतो. नववा नसला तर खेळच उभा राहत नाही. म्हणून न आलेल्या मुलाला बोलवायला बाकीची मुलेच त्याच्या घरी जातात आणि आम्हाला कोणाच्या घरात किती धान्य आहे याची चौकशी करावी लागत नाही. इंग्लंडमध्ये सरकारने याच जोडणीला योजनेचे रूप दिले आहे. फुटबॉलपटू मार्कस रॅशफोर्डने 2020 मध्ये सुट्टीतल्या जेवणासाठी आवाज उठवल्यानंतर तो प्रश्न तेथे घरोघरी पोचला, आणि 2021 पासून देशभरातल्या स्थानिक संस्थांमार्फत, शाळेत मोफत जेवण मिळणाऱ्या मुलांसाठी सुट्टीतले खेळ आणि जेवण एकत्र देणारी शिबिरे चालू लागली : उन्हाळ्यात चार आठवडे, ईस्टर आणि नाताळात एकेक. श्रीमंत देशातही सुट्टी म्हणजे उपास ठरू शकते, हे मला त्यातून कळले. आपल्याकडे शाळेचे स्वयंपाकघर, भांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या बाया पाड्यापर्यंत आधीच पोचलेल्या आहेत, आणि मे महिन्यात त्या खोलीला कुलूप असते. आमचा स्वयंपाक त्याच बाया करतात, तीन दगडांच्या चुलीवर, त्या कुलपापासून चाळीस पावलांवर.

मदतीचा अनुभव मिश्र आहे. एका कंपनीने पन्नास टी-शर्ट देऊ केले, त्यावर त्यांचे बोधचिन्ह होते. आम्ही तेवढ्याच पैशांची डाळ मागितली तेव्हा डाळीवर बोधचिन्ह छापता येत नाही, अशा अर्थाचे सौम्य उत्तर आले. ताट हातात धरलेल्या मुलांचे फोटो मागणाऱ्यांना आमची मुले आता खेळतानाचे फोटो पाठवतात. अंड्यांसाठी आमचे पैसे वापरू नका, असे काही देणगीदार सांगतात. ती अट आम्ही पाळतो आणि अंड्यांसाठी वेगळी वर्गणी काढतो, कारण सहा ग्रॅम प्रथिने इतक्या स्वस्तात आणि इतक्या स्वच्छ वेष्टनात दुसरे कोणी देत नाही. राज्य सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय आहारात आठवड्याला एक अंडे किंवा केळे सुरू केले आणि 2025 च्या सुरुवातीला त्याचा निधी थांबवला, तेव्हा पाड्यावरच्या मुलांनी त्यावर काही भाष्य केले नाही. त्यांनी फक्त विचारले, की शिबिरात अंडे आहे ना.

एप्रिलच्या फीचीही एक शाळा झाली. पहिल्या वर्षी काही पिशव्यांतून कीड लागलेली डाळ आणि खवट दाणे निघाले. घरातले नको झालेले देऊन टाकण्याची ही रीत आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. आम्ही एकाही पालकाला काही बोललो नाही. दुसऱ्या वर्षी मात्र पहिल्या दिवशी शहरातल्या मुलांनाच त्यांच्या पिशव्यांतले दाणे निवडायला बसवले आणि त्यांचेच लाडू वळून खेळाआधी त्यांनाच दिले. त्यानंतर खवट दाणा आलेला नाही.

या सगळ्याने किती फरक पडतो, असे लोक विचारतात. पहिल्या वर्षी आम्ही उत्साहाने मुलांची वजने घेतली होती आणि एकविसाव्या दिवशी ती वाढलेली पाहून एकमेकांना टाळ्या दिल्या होत्या. ओळखीच्या एका डॉक्टरांनी ती वही पाहिली आणि सांगितले, की रिकाम्या पोटी केलेले वजन आणि जेवून केलेले वजन यांतलाच हा फरक असू शकतो, आणि तीन आठवड्यांवरून काही म्हणू नका. तेव्हापासून आम्ही वजने घेत नाही, हजेरी घेतो. एकवीस दिवस चाळीस-पंचेचाळीस मुले सकाळी पोटभर जेवली, याच्यापलीकडे आमचा दावा नाही. सुट्टी सहा आठवड्यांची असते आणि आमचा शिधा तीन आठवडे पुरतो. उरलेल्या तीन आठवड्यांचे काय, या प्रश्नाचे उत्तर तीन किलोच्या पिशव्यांमध्ये नाही. ते त्या कुलपाच्या किल्लीत आहे, आणि त्यासाठी आमच्यातल्या दोन मुलींनी यंदा ग्रामसभेत अर्ज दिला आहे. त्यावर पोच म्हणून शिक्का मिळाला आहे.

फ्रॉकच्या ओच्यात अर्धा लाडू बांधून नेणारी मुले आम्ही सुरुवातीला अडवत असू, खुराक मैदानातच खायचा म्हणून. मग एकीने सांगितले, "घरी बारकी आहे." आता सहा वर्षांखालच्यांसाठी मैदानाच्या कडेला चुन्याने एक छोटी पाटी आखलेली असते, तेथे बारकी बसतात, कोणी कोणाला खो देत नाही, सगळी एकाच वेळी उठून पळतात आणि त्यांनाही लाडू असतो, आकाराने लहान.

परवा पाड्यावरून फोन होता. पाऊस चांगला झाला आहे, नागलीची लावणी उरकली आहे आणि शाळेत खिचडी सुरू आहे. मी विचारले, मैदानातले खुंट काढून ठेवले का, नाहीतर पाण्याने कुजतील. तिकडून हसण्याचा आवाज आला. दोन्ही खुंटांना सध्या शेळ्या बांधलेल्या आहेत.