डान्स कार्डचा लॉग: पेन्सिलीतली नावं अखेर वाचता आली

मंडळी, अपडेटला उशीर झाला कारण तीन आठवडे मी एकाच कार्डात अडकलेय. व्हिएन्नाच्या नाशमार्क्टला शनिवारी जुना बाजार भरतो तिथे घेतलेलं ते मरून मखमलीचं छोटं कार्ड, पेन्सिल हरवलेली, रेशमी दोरी इतकी कुजलेली की नुसतं उचललं तरी भुगा पडतो. कव्हरवर सोनेरी आकड्यांतले फक्त १८ शिल्लक आहेत, पुढचे दोन घासून गेलेत, त्यामुळे नक्की साल अजून सांगता येत नाही.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, बॉलला, म्हणजे नाचाच्या समारंभाला, आलेल्या बाईच्या मनगटाला किंवा पंख्याला हे लटकवलेलं असायचं, आत वॉल्ट्झ, पोल्का, क्वाड्रिल असा क्रम छापलेला आणि प्रत्येकासमोर रिकामी ओळ, जो त्या नाचासाठी विचारेल त्याचं नाव तिथे, म्हणजे एकच नाच दोघांना कबूल केला असं होत नाही. फ्रेंचमध्ये याला कार्ने द बाल म्हणतात. व्हिएन्नात मात्र आयोजकच ते बायकांना भेट द्यायचे, डामेनश्पेंडे, आणि इथे वकील, डॉक्टर, पत्रकार, इंजिनियर सगळ्यांचे आपापले बॉल, त्यामुळे भेटवस्तूपण एकीपेक्षा एक भारी. संगीतसुद्धा खास त्या बॉलसाठी नवं लिहिलेलं असायचं, संगीतकार धाकट्या योहान श्ट्राउसने १८६० ला इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांच्या बॉलसाठी 'आक्सेलेराट्सियोनेन' हा वॉल्ट्झ लिहिला आणि १८६४ ला पत्रकारांच्या काँकॉर्डिया बॉलसाठी 'मोर्गेनब्लेटर', म्हणजे सकाळची वर्तमानपत्रं! दोन्ही वाजले सोफियनझालमध्ये. तो हॉल २००१ ला जळाला होता, आता परत उभा आहे, त्या रस्त्याने गेले की माझी पावलं आपोआप थांबतात.

तर माझं कार्ड. १४ नाच, मध्ये मध्यंतर. नावं इतकी पुसट की आधी वाटलं कोरंच आहे. कुणीतरी सुचवलं हलक्या हाताने खोडरबर फिरव, मळ निघेल, प्लीज असं कधीही करू नका, मळाबरोबर नावं जातील आणि नावांशिवाय या कार्डात काय राहिलं? मी खोलीत अंधार केला, टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून एका बाजूने प्रकाश टाकला आणि कार्ड हळूहळू तिरकं करत गेले, एका कोनात ग्रॅफाइट चमकतं आणि अक्षर वर येतं. एकेका ओळीचे दहा-बारा फोटो काढले, कारण एका फोटोत अर्धंच नाव दिसतं.

मग लिपीची लढाई. सगळं कुरेंटमध्ये, जुनी जर्मन हस्तलिपी, त्यात e हुबेहूब n सारखा दिसतो आणि u ओळखायचा तर वरची छोटी चंद्रकोर शोधायची. मोडी शिकताना डोळ्यांना जी सवय लागली तीच इथे कामी आली, सुटं अक्षर न बघता हाताचा ओघ बघायचा.

नऊ नावं लागलीत. अक्षर प्रत्येकाचं वेगळं, म्हणजे पुरुषांनी स्वतःच लिहिलंय. तिसऱ्या क्रमांकाचा वॉल्ट्झ आणि सातव्या क्रमांकाची पोल्का एकाच माणसाकडे. आणि दुसऱ्या क्वाड्रिलसमोर वेगळ्याच, नाजूक अक्षरात फक्त 'ओंकेल', हे बहुतेक तिने स्वतः लिहिलेलं. काका की मामा ते जर्मन भाषा सांगत नाही, आपल्याकडे हा प्रश्नच आला नसता! त्या एका शब्दावर मी रात्री दोन वाजेपर्यंत बसले होते. मध्यंतरानंतरच्या पाच ओळी रिकाम्या आहेत. लवकर घरी गेली असेल, किंवा मग लिहायचं भान राहिलं नसेल, मला दुसरं खरं असावं असं फार वाटतं.

दोरी बदलणार नाहीये. तुकडे अ‍ॅसिड-फ्री टिश्यूत वेगळे ठेवलेत, कार्ड पॉलिएस्टरच्या पाकिटात.

पुढचं काम पंख्यासारखं उघडणारं पांढरं कार्ड, विकणाऱ्याने हस्तिदंत म्हणून दिलं. हस्तिदंत असतं तर कापलेल्या कडेवर एकमेकांना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसली असती, याच्यावर सरळ समांतर रेघा आहेत आणि डबी उघडली की कापराचा वास येतो, म्हणजे सेल्युलॉइड, जुन्या काळचं प्लास्टिक. मला उलट बरंच वाटलं, हस्तिदंत मी घेतच नाही. पण जुनं सेल्युलॉइड सडताना आम्लयुक्त वाफा सोडतं आणि शेजारच्या कागदाला खातं, म्हणून कालच ते कपाटातून काढून एकटं ठेवलंय, उघड्या डबीत. तुमच्यापैकी कुणाकडे असं असेल तर कशात ठेवता, फोटोसकट सांगा.