पिलपासून

सप्टेंबरातली घटक चाचणी होती. चौथीचा परिसर अभ्यास. मी सोपा प्रश्न घातला होता: वनस्पतीचं नवीन रोप कशापासून तयार होतं? तेवीस पोरांपैकी बावीस जणांनी लिहिलं, 'बीपासून'. एकीनं लिहिलं, 'पिलपासून'. मला वाटलं, हिनं प्राणी आणि वनस्पती यांची सरमिसळ केली. लाल फुली मारली आणि पुढचा पेपर ओढला.

मी मूळची लातूरकडची. तूर, सोयाबीन, हरभरा, आमच्याकडे सगळं पेरायचं. बदली होऊन चोपडा तालुक्यात आले त्याला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. शाळेच्या कुंपणापलीकडे केळीच केळी. रोज त्या बागांमधून गाडीवरून येत-जात होते, पण थांबून एकदाही बुडाशी वाकून पाहिलं नव्हतं.

पेपर वाटले तेव्हा ती रडली नाही. मधल्या सुट्टीत टेबलापाशी येऊन उभी राहिली. "मॅडम, केयामा बी ऱ्हासच नही. मंग केयी कशी उगस?" केळ्यात बी नसतंच, तर केळी उगवते कशी, असं ती अहिराणीत विचारत होती.

मी तिला केळ्यातल्या बारीक काळ्या ठिपक्यांबद्दल सांगितलं. तेच बी, असं ठामपणे सांगितलं. ती म्हणाली, "मंग लाई देखूत?"

लावून बघू या, एवढंच म्हणाली ती. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या संध्याकाळी शोधून वाचलं. ते ठिपके म्हणजे वाढायचीच राहून गेलेली बीजं. खायच्या केळीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बी धरत नाही, आणि परागीभवन न होताही फळ भरतं. नवीन केळी येते ती बुडाशी कंदातून फुटणाऱ्या कोंबापासून, त्यालाच पिल म्हणतात. रानकेळीचं मात्र वेगळं. सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या चवईत काळ्या, टणक बिया असतात आणि ती बियांपासूनच येते, तिला पिलं फुटत नाहीत. म्हणजे मी फुली मारली होती ती बरोबर उत्तरावर. रात्री झोप लागली नाही नीट.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. मुख्याध्यापकांना विचारून सगळा वर्ग तिच्या आबांच्या बागेत नेला. कांदेबाग होती, म्हणजे आदल्या वर्षी पावसाळ्यानंतर लावलेली केळी; निम्मे घड उतरून झाले होते. आबांना आदल्या दिवसाचं काही माहीत नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "आबा, आमाले केळी आतून दाखवा." माझी मोडकीतोडकी अहिराणी ऐकून त्यांना आनंदच झाला.

त्यांनी घड कापून झालेलं एक खोड विळ्यानं आडवं तोडलं. पोरं वाकली. लाकूड कुठेच नाही! एकात एक बसवलेल्या नळ्यांसारखे थर. आम्ही एकेक सोलत गेलो. हे खोड नव्हेच, पानांचे देठ एकमेकांना कवटाळून उभे राहिलेले असतात, खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद, हे मी तिथे उभ्या उभ्या सांगितलं. पण हातात थर असल्यावर सांगायचं फारसं उरतच नाही. प्रत्येक थराच्या आत लहान लहान खिडक्या, मधाच्या पोळ्यासारख्या, हवेनं भरलेल्या. एका पोरानं तुकडा मोडून दोन्ही बाजूंना ओढला तर मधे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चमकते धागे ताणले गेले. पाणी वर नेणाऱ्या नलिकांच्या भिंतीतली ती वेटोळी. पुस्तकातली 'पाणी खोडातून पानांपर्यंत जाते' ही ओळ तेव्हा बोटांत धरता आली. अगदी मधोमध पांढरा, भरीव दांडा निघाला. "यानावरच घड निसवस," यावरच घड येतो, असं आबा म्हणाले. चिकाचे डाग सगळ्यांच्या गणवेशावर पडले. ते निघत नाहीत, हे मला घरी गेल्यावर कळलं. पोरांना आधीच माहीत होतं, पण कुणी मागे सरलं नव्हतं.

मग बुडाशी. आईच्या कंदाला चिकटून तीन पिलं. आबांनी एक दाखवलं, पानं तलवारीच्या पात्यासारखी अरुंद. हे ठेवायचं. शेजारचं दिसायला टवटवीत, रुंद पानांचं. मी तेच निवडलं असतं. "रुंद पानना पिल कामना नही, मॅडम." त्याची आईशी जोड कच्ची असते, म्हणून ते लहानपणीच आपली आपली मोठी पानं काढून बसतं. अरुंद पानांचं पिल आईकडून घेत राहतं आणि तेवढ्यात बुडाशी जाड होतं. घड उतरला तरी आईचं खोड लगेच बुडातून काढत नाहीत, त्यातलं पाणी आणि अन्न पिलाला उतरतं. हे सांगताना आबांनी त्या तोडलेल्या खोडावर असा हात ठेवला होता, की मी बोलायची थांबले.

एकानं विचारलं, "मग ही केळी मरते कधी?" आबांनी सांगितलं, ही बाग टिशूची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची आहे, पण आधी बसराई जातीची केळी होती. त्यांच्या वडिलांनी कंद लावले, त्यांची पिलं आबांनी लावली. फळ्यावर मी दरवर्षी लिहिते: सजीव जन्मतो, वाढतो, मरतो. घड देऊन एक खोड मरतं हे खरं, आणि तेच झाड पिलातून पुढे चालत राहतं हेही खरं. पोरांना मी दोन्ही सांगितलं. कुणी गोंधळलं नाही.

एक पिल मागून आणलं आणि शाळेच्या हातपंपाशेजारी, सांडपाण्याच्या चरीवर लावलं. सोमवारी पोरं आपण होऊन ऊसाची कांडी, डोळे फुटलेला बटाटा, पानफुटीचं पान घेऊन आली.

त्या मुलीचा पेपर मी परत मागून घेतला, फुली खोडली, पूर्ण गुण दिले आणि माझी चूक होती हे वर्गासमोर सांगितलं. तिनं पेपर घडी करून दप्तरात ठेवला. मग बाकीच्या बावीस जणांकडे बघून विचारलं, "मंग त्यासनं चुकनं का, मॅडम?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांचंही बरोबर आहे."

मग ती खाली बसली.